दिवाणाखालची चाकं : कामाच्या नोंदी

२५ फेब्रुवारी २०२४, रविवार

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात दिवाण वर्षातून तीनदा जागा बदलतो. होळीच्या सुमारास कूलरच्या खिडकीखाली, मृगाचा पाऊस आला की ओल धरणाऱ्या त्या भिंतीपासून आत, आणि दिवाळी झाली की पूर्वेच्या दाराशी उन्हाच्या पट्ट्यात. बाबा होते तोवर ते आणि गल्लीतले दोन पोट्टे हे काम पोह्यांवर उरकायचे. पोट्टे आता पुण्याला आणि हैदराबादला. काल सकाळी गेलो तर आई दिवाणाच्या एका कोपऱ्याला पाठ लावून एकटीच रेटत होती. वय ७२, दोन्ही गुडघे गेलेले. मी ओरडलो, तर म्हणाली, "मग तू येशील का रोज, दिवाणाखालून झाडून द्यायला?"

उत्तर नव्हतं. चाकं लावायची ठरलं.

पहिलं काम वजनाचं. एकेक पाय काट्यावर ठेवला की आकडे खोटे येतात, कारण एक पाय उचलला की भार त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावर एकवटतो. म्हणून उशाकडचे दोन्ही पाय एका फळीवर, फळी बाथरूमच्या वजनकाट्यावर आणि पायथ्याला तेवढ्याच उंचीच्या विटा. मग उलट. उशाकडे ४१, पायथ्याला ३७. रिकामा दिवाण ७८ किलो. पेटीतल्या गोधड्या, रजया आणि एक पितळी घंगाळ वेगळं तोललं : ३५. वर सणावाराला तीन माणसं बसणारच, त्यांचे २०० धरले. एकूण ३१३.

आता चार चाकं म्हणून चारने भागायचा मोह होतो. भागायचं तीनने. जुनी फरशी कधीच सपाट नसते; तीन चाकं टेकतात, चौथं अधांतरी राहतं. तिपाई डुगडुगत नाही आणि स्टूल डुगडुगतो, त्याचं कारण हेच. ३१३ भागिले ३, म्हणजे चाकामागे साधारण १०४ किलो.

२ मार्च, शनिवार

इतवारीत लोहाओळीला, म्हणजे लोखंडी सामानाच्या बाजारात गेलो. फर्निचरखालच्या चाकाला कॅस्टर म्हटलं तर कळतं, पण काउंटरवर चालतं ते 'फिरतं चाक' आणि 'फिक्स चाक'. फिरत्यात पुन्हा दांडीचं आणि प्लेटचं. दांडीचं म्हणजे पायात भोक पाडून ठोकायचं, प्लेटचं म्हणजे चार स्क्रूंनी खालून आवळायचं. शिवाय ब्रेकवालं, बिनब्रेकचं. शिवाय नायलॉन, रबर, पीयू (पॉलियुरेथेन, रबरासारखं लवचीक प्लास्टिक).

पहिल्या दुकानात मी १०४ किलो सांगितले. दुकानदाराने मान न वर करता विचारलं, "भाऊ, फर्शी कोणती आहे ते सांगा ना." मला वाटलं टाळून राहिला. तर नाही. घरी मोझॅक आहे म्हटल्यावर त्याने नायलॉनचं चाक बाजूला सारलं. कडक फरशीवर कडक चाक खडखडतं, आणि मधे वाळूचा एक कण सापडला की फरशीवर रेघ ओढत नेतं. कडक फरशीला मऊ धाव (चाकाचा जमिनीला टेकणारा काठ), मऊ गालिच्याला कडक धाव. ऑफिसच्या खुर्च्यांच्या चाकांसाठी युरोपात याचं मानकच आहे : एकरंगी चाक कडक, गालिच्यासाठी, धाव वेगळ्या रंगाची असली तर मऊ, फरशीसाठी. माझ्या खुर्चीची चाकं काळीकुट्ट एकरंगी. नागपुरात ४५ अंशांत गालिचा कोण अंथरतो?

इतकं सगळं ऐकूनही मी स्वस्तातली दोन इंची दांडीची चार चाकं घेऊन आलो. दिवाण उंच होईल ही भीती होती. शहाणपण विकत मिळतं, पण घ्यावं लागतं ना!

३ मार्च, रविवार

चाकं बसवण्याआधी एक चाक तासभर नुसतं निरखलं. उभ्या खिळ्यावर ते गरगर फिरतं खरं, पण चाकाचा आस त्या खिळ्याच्या बरोबर खाली नाही. तो मागे सरकलेला आहे. पट्टीने मोजलं, २२ मिमी. सगळी करामत त्या बावीस मिलिमीटरांत आहे. वरचा खिळा पुढे जातो आणि चाक त्याच्या मागे ओढलं जातं, दोरीला बांधलेल्या वासरासारखं. आस बरोबर खिळ्याखाली असता तर चाकाला दिशाच कळली नसती.

आईची रांगोळी मूठभर मागून घेतली, ओसरीत पसरली. चाक एका लाकडी ठोकळ्याला लावून रांगोळीवरून पुढे ढकललं : सरळ रेघ. मग थांबून उलट ओढलं. इथं मजा. चाक लगेच उलट गेलं नाही. आधी ते अर्धवर्तुळात वळलं, स्वतःची पाठ फिरवली आणि मग मागे निघालं. रांगोळीत स्वल्पविराम उमटला. त्या वळणात ठोकळा बोटभर बाजूला ढकलला गेला. चार चाकांवरच्या दिवाणाला हाच झटका चार ठिकाणी, चार वेगवेगळ्या वेळी बसणार. म्हणजे भिंतीपासून थोडी जागा सोडायलाच हवी.

आई म्हणाली, "रांगोळी वाया घालवून राहिला नुसती." मी तिला सांगितलं की डार्विनने आपल्या अभ्यासिकेतल्या खुर्चीला चाकं लावून घेतली होती, नमुन्यांपाशी झरझर जाता यावं म्हणून. ती म्हणाली, "त्याच्या घरी झाडायला बाई असेल."

१० मार्च, रविवार

फजिती.

दिवाण आडवा केला, पायाच्या तळाला गिरमिटाने खूण केली, ड्रिलने भोक पाडलं, चाकाची खोळ हातोडीने ठोकली. तिसऱ्या ठोक्याला 'टच्च' असा आवाज आला. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "काय फुटलं?" खरादावर काढलेल्या पायाला तळापासून चार इंच उभी भेग गेली होती.

चूक माझीच. पायाच्या तळाला लाकडाच्या रेषांची टोकं असतात. तिथं ठोकलेली वस्तू रेषांच्या मधे पाचरीसारखी घुसते आणि त्यांना फाकवते. स्क्रूही तिथं नीट धरत नाही, चार दिवसांत निघतो. पायाच्या कुशीत आडवा मारलेला स्क्रू रेषा कापत जातो, म्हणून धरतो. हे मी दहावीत टेक्निकलला शिकलो होतो.

भेगेत फेव्हिकॉल भरून, सुतळी करकचून आवळून ठेवलं आहे.

१६ मार्च, शनिवार

लकडगंजला एका मिस्त्रींकडे गेलो. सत्तरीचे असतील. मोबाईलवरचा फोटो बघून त्यांनी पहिला प्रश्न केला, "पाय कापाचे आहेत का तुम्हाला?" नाही म्हटलं. "मंग पायाले हात कायले लावता? चाक आत लावा ना बाप्पा. पाय नुसते दिसाले राहू द्या."

एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी दोन आठवडे आणि एक पाय खर्ची घातला होता. पेटीच्या तळाला, पायांच्या आतल्या बाजूने दोन आडव्या पट्ट्या मारायच्या आणि चाकं त्या पट्ट्यांना. पाय जमिनीपासून किंचित उचललेले राहतील. बाहेरून बघणाऱ्याला दिवाण पायांवरच उभा वाटेल.

हिशेब तिथंच, त्यांच्या पेन्सिलीने, फळीच्या तुकड्यावर केला. पेटीच्या तळापासून जमीन ११५ मिमी. पट्टी २५, तीन इंची चाकाची प्लेटसकट उंची १०५. बेरीज १३०. दिवाण १५ मिमी उंच होणार, पाय तेवढेच अधांतरी. यात एक आयता फायदा आहे : कोणी अगदी काठावर बसलं आणि दिवाण कलला, तरी १५ मिमीवर पाय टेकतो आणि सावरतो.

पट्ट्या सागवानाच्याच घेतल्या. दुकानात नेहमीचं बोलणं झालं : अयोध्येच्या मंदिराच्या दारांचं सागवान आपल्या बल्लारपूरच्या डेपोतून गेलं, नव्या संसद भवनातलं नागपूरहून. हे बोलून झालं की दर दोन रुपयांनी वाढतो, असा माझा अनुभव.

येताना लोहाओळीतून तीन इंची पीयूची प्लेटवाली चाकं उचलली, दोन ब्रेकची, दोन बिनब्रेकची. दुकानदार चाकामागे सव्वाशे किलोचं तोंडी बोलला.

२४ मार्च, रविवार, होळी

बसवली. दोन गोष्टी लिहून ठेवतो.

एक, फिरत्या चाकाला फिरायला मोकळी जागा लागते. खिळ्यापासून आस ३० मिमी मागे, त्यात चाकाची त्रिज्या साडेसदतीस. म्हणजे साडेसदुसष्ट मिमी त्रिज्येचं वर्तुळ चाक खिळ्याभोवती मागतं. मी पायापासून ७५ सोडले. पुठ्ठ्याचं तेवढं वर्तुळ कापून आधी तळाला फिरवून पाहिलं, ते फार कामाला आलं.

दोन, स्क्रू नाही, आरपार नट-बोल्ट. वरून मोठा वायसर, खाली स्प्रिंग वायसर. ढकलताना चाकावरचा जोर आडवा येतो आणि स्क्रूला तो हळूहळू डोलवून बाहेर काढतो.

पाच वाजता दिवाण उभा केला. आईने एका हाताने ढकलला आणि तो गेला. ती काही बोलली नाही. झाडू आणला आणि खालून झाडायला लागली. बाबांची एक हवाई चप्पल निघाली, कॅरमचा स्ट्रायकर निघाला, आणि १९९६ च्या वर्ल्ड कपचं वर्तमानपत्र, जे मी फेकायचं नाही म्हणून लपवलं होतं.

२६ मार्च, मंगळवार

आईचा सकाळी सात वाजता फोन : "तुझा दिवाण रात्री फिरून राहिला."

अतिशयोक्ती वाटली. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर दिवाण रविवारच्या खडूच्या खुणेपासून चार बोटं मोरीकडे. जुन्या घरांत धुतलेलं पाणी जावं म्हणून फरशीला मोरीकडे उतार देतात, हे विसरलोच होतो. लेव्हलच्या नळीत पाणी भरून मोजलं : दहा फुटांत एक इंच. म्हणजे १२० ला १. दिवाण, गोधड्या आणि ६२ किलोची आई मिळून १७५ किलो. उताराने खाली ओढणारा जोर जेमतेम दीड किलो. एवढ्याने चाक आपोआप सुटत नाही. पण कूस बदलली की एक धक्का, उठून बसलं की दुसरा, आणि प्रत्येक धक्क्याला दिवाण उताराच्या बाजूने केसभर जास्त सरकतो.

"ब्रेक लावला नव्हता?"

"लावला होता ना. तरी हलतेच. नावेत झोपल्यासारखं वाटते."

खाली पालथा पडून बघत बसलो. ब्रेक दाबलेला, चाक जाम. पण वरचा खिळा मोकळा! चाक गोल फिरत नाही, पण त्याच्यावरचा दिवाण खिळ्याभोवती इकडून तिकडे झुलतो. मागे सरकलेला तो आस, ज्याचं मी रांगोळीत कौतुक केलं, तोच इथं पाळणा झाला. तीस मिमी या बाजूला, तीस त्या बाजूला. आणि बिनब्रेकची दोन चाकं तर सरळ उतारालाच लागलेली.

तोवर चारही पायांखाली वर्तमानपत्राच्या घड्या. १९९६ चं सोडून.

६ एप्रिल, शनिवार

पुन्हा लोहाओळ. दुकानदार ओळखायला लागला आहे. "हलून राहिला का?" असं त्यानेच विचारलं. मग चाकं देतानाच का नाही सांगितलं, हे मी विचारलं नाही. ज्या ब्रेकने चाक आणि वरचं फिरणं दोन्ही एकदम थांबतं तो वेगळा मिळतो. त्याला तो 'डबल लॉक' म्हणाला. दोन घेतले. महाग आहेत, साध्या ब्रेकच्या जवळजवळ दुप्पट.

बाकीच्या दोन जागी फिरती चाकं नकोच, फिक्स घेतली. हे कळायला उशीर झाला याचं वाईट वाटतं. चारही चाकं फिरती असली की वस्तू कुठेही जाऊ शकते, म्हणजे नको तिकडेही जाते. दवाखान्यातल्या ढकलगाड्या लांब वऱ्हांड्यात कशा तिरक्या पळतात ते आठवलं. आमच्या दिवाणाला कुठेही जायचंच नाही. खिडकी आणि दार एकाच भिंतीच्या रेषेत आहेत. वर्षभराचा प्रवास सात फुटांचा, तोही सरळ. उशाकडची दोन फिक्स चाकं त्या रेषेत लावली, पायथ्याला डबल लॉकवाली फिरती. आता एक माणूस पायथ्याशी उभं राहून हातगाडीसारखा वळवतो.

उतरवलेली दोन साधी ब्रेकवाली शिवणयंत्राच्या खोक्याला लावून दिली. गंमत म्हणजे आईच्या पायमशीनला लहान लोखंडी चाकं आधीपासून होती, फिक्स, फक्त आडवी सरकणारी. आम्ही लहानपणी ती गाडी करून ढकलायचो आणि मार खायचो. ती बसवणाऱ्याला ठाऊक होतं की मशीनला फक्त एकाच दिशेने सरकायचं आहे.

९ एप्रिल, गुढीपाडवा

दिवाण जागचा हलला नाही. तीन दिवस, खडूची खूण जशीच्या तशी. श्रीखंड-पुरी.

२८ एप्रिल, रविवार

कूलर. हे वेगळं प्रकरण. तो मागच्या खोलीत असतो, आणि खिडकीपर्यंत यायला मधे उंबरठा. स्टँड लोखंडी अँगलचं, त्याला वेल्डरकडून चार प्लेटा मारून घेतल्या. टाकीत ६० लिटर मावतं, म्हणजे ६० किलो पाणी, आणि तेही हिंदकळणारं. भरलेला कूलर कधीच सरकवायचा नाही, हा नियम आईने स्वतःच केला.

उंबरठ्याचं गणित मांडून पाहिलं. १० मिमीचा अडथळा चढायला दोन इंची चाकाला त्याच्यावरच्या भाराच्या १.३३ पट आडवा जोर लागतो, चार इंचीला फक्त पाऊणपट. अडथळा चाकाच्या त्रिज्येइतका झाला की आडवं कितीही ढकला, चाक चढतच नाही. आमचा उंबरठा सव्वा इंचाचा. म्हणजे दोन इंची चाक जन्मात जाणार नाही. चार इंचीही ढकलत नाही, उचलावंच लागेल. शेवटी चाकांवर खर्च न करता सागवानाचे उरलेले तुकडे तिरके कापून उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना उतार केले. लकडगंजच्या मिस्त्रींना हे आवडलं असतं.

इथं नायलॉनची चाकं घेतली, कारण खाली कायम ओल. ओलाव्यात पीयूचं काय होतं ते मी बुटांवर पाहिलं आहे : तीन वर्षं कपाटात बंद ठेवलेले, पावसाळ्यात काढले आणि तळ भुगा होऊन पायरीवर सांडला.

३० मे, गुरुवार

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापणारे नऊ दिवस. हवामान खात्याच्या इथल्या एका स्वयंचलित केंद्राने आज ५६ अंश दाखवले, आणि दिवसभर सगळ्यांच्या मोबाईलवर तोच आकडा.

दुपारी आईला फोन केला, घाबरून. ती निवांत. दिवाण मी ठरवलेल्या खिडकीखाली नव्हताच. तिने तो तिथून तीन फूट मागे आणला होता. "खिडकीखाली कूलरचे शिंतोडे उडतात तोंडावर. इथं हवा बरोबर येते." चाळीस वर्षं आम्ही दिवाण खिडकीला खेटून ठेवत आलो आणि चाळीस वर्षं तिच्या तोंडावर शिंतोडे उडत होते. सांगितलं का नाही विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही घामाघूम होऊन तिथं आणून ठेवायचे. अजून तीन फूट सरकवा म्हणून कोण सांगन?"

(नंतरची भर : तो ५६ चा आकडा सेन्सरच्या बिघाडाचा निघाला. शिंतोड्यांचं मात्र खरं होतं.)

३० जून, रविवार

मृगाने उशीर केला, पण आईने गुरुवारीच दिवाण आत घेतला. एकटीने. मी फक्त तपासायला गेलो. नट पक्के. एका डबल लॉकचा खटका पायाने दाबायला जड जातो, तिला काठीच्या टोकाने दाबावा लागतो. त्यावर रबराचं टोपण चढवायचं आहे.

उशाकडचं डावं फिक्स चाक घसटत होतं. काढून पाहिलं तर आसावर केस आणि दोरा, घट्ट, रिळासारखे गुंडाळलेले. पांढरे केस आईचे, गुलाबी दोरा शिवणातला. ब्लेडने कापून काढला, मशीनचं तेल दोन थेंब. दर दोन महिन्यांनी हे करावं लागेल.

निघताना आईने लोखंडी कपाटालाही चाकं लाव म्हटलं. नाही म्हणालो. साडेसहा फूट उंच आणि दीड फूट खोल. दार उघडून वरचा कप्पा ओढला की भार पुढे येतो, आणि त्यात खाली चाकं असली तर ते माणसाच्या अंगावर येईल. ती दोन मिनिटं गप्प बसली.

"बरं, मग तुळशीच्या कुंडीले लाव. पावसात आत घेता येत नाही मले."

कुंडी सिमेंटची आहे. पुढच्या रविवारी वजनकाटा घेऊन जायचं.